मधलं अक्षर

रविवारी कुराहाशी-सान म्हणाले,
आज बोगदा नको, गुहा दाखवा.
मी त्यांना जोगेश्वरीला नेलं,
माझ्या घरापासून रिक्षाचं किमान भाडं.

ते मला गवाणकर-सान म्हणतात.
शब्द आदराचा; मराठीत मात्र सान म्हणजे लहान,
आणि सहा वर्षं दोन्ही अर्थांनी
मी तो ऐकून घेतला आहे.

खांबावर त्यांनी उलटी मूठ वाजवून बघितली,
कलिंगड घेताना वाजवतात तशी.
"हा आगीचा दगड," म्हणाले, "आमचा पाण्याचा.
हा माणसांनी पोखरला. आमचा कुणीच नाही.
पाऊस आत गेला
आणि लाखभर वर्षं त्याला बाहेर यावंसं वाटलं नाही."

शब्दकोशात त्याला लवणस्तंभ म्हटलंय,
ज्यात मीठ नाही असं मीठ.
देवीच्या दाराशी रखवालदार केरू
तंबाखू मळत होता. त्याची डबी मागून घेतली.
कुराहाशींनी चुना नखावर घेतला, हुंगला:
"हो. हाच आमचा डोंगर."
केरूने डबी परत घेऊन झाकण घट्ट लावलं.

त्यांच्या गावामागची गुहा: शोन्यूदो.
तीन अक्षरं. मधलं अक्षर दूध.
कमरेत वाकून आत गेलं की छताला दोन गोळे,
दगडाचेच, टोकाशी थेंब.
जिला दूध येत नाही ती तिथे जाते,
मेणबत्ती लावते, ओंजळ धरते,
त्या पाण्यात पेज शिजवून खाते.
आई गेली होती, पहिल्या मुलाच्या वेळी.
तो राहिला नाही.
दुसऱ्या वेळी ती गेलीच नाही. दुसरा मी.
"तरी गावी गेलो की आत जाऊन येतो," म्हणाले,
"का, ते विचारू नका."

मी विचारलं नाही.
आमच्याकडे शब्द आहे, पान्हा, एवढंच सांगितलं.
दूध नव्हे, दुधाच्या आधीचं काहीतरी.
गाय तो चोरूही शकते.
त्यांनी वहीत लिहून घेतला, पा, न, हा,
आणि 'चोरते'खाली रेघ ओढली.

हे नाही सांगितलं:
रेवा साडेतीन महिन्यांची, मी कामावर रुजू,
जमीन किती मिलिमीटर खचेल यावरची बैठक,
पाणी खडकातून कसं झिरपतं याचं भाषांतर करताना
ब्लाऊज ओला झाला.
दोन तास फाइल छातीशी.
घरी अळिवाची खीर, शतावरी, सासूबाईंचे नवस,
आणि इथे तिसऱ्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये
पांढरी धार,
नळ सोडून दिला आवाज लपवायला.

टप्.
त्यांच्या खांद्यावर थेंब. वर बघत त्यांनी तळवा पुढे केला.
दुसरा थेंब तळव्यावर पडला.
वर वस्ती आहे. कुणीतरी भांडी घासत असणार.
दुभाष्याने निवडायचं नसतं, सगळं सांगायचं असतं.
सांगितलं.
तळव्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.
मग हात रुमालाला पुसला, रुमालाची चौकोनी घडी केली,
आणि तरीही छताकडे बघून
वाकले.

सोमवारी बावीस मीटर खाली.
चारशे अठराव्या कड्यापाशी काँक्रीटला थेंब धरलाय,
मोठा होतोय, पडत नाही.
साइट इंजिनिअर पोरगा घाईत:
"मॅडम, विचारा ना त्यांना, ही गळती की झिरपा?
रिपोर्टमध्ये काय लिहू?"
कुराहाशी टॉर्च धरून उभे. काही बोलत नाहीत.
फरक मला दोन्ही भाषांत माहीत आहे.
फाइल छातीशी आहे, सवयीने.

थांब, म्हणते मी.
थांब जरा. विचारते.